अंगठ्यातला दुसरा धुरा

आंबागडच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या माझ्या माणसांनो,

मंडईचे दिवस जवळ आले की या विषयावर बोलल्यावाचून मला राहवत नाही. दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालतं, चुलीवर मटण असतं, कुठे मोहाची बाटली निघते. दिवसा धानाची कापणी आणि चुरणा, रात्री जागरण, आणि पाणी प्यायचं कुणाच्याच ध्यानात नसतं. अशातच एखाद्या पहाटे कुणाच्या तरी पायाचा अंगठा उठतो. लालबुंद, गरम, टरारून फुगलेला. अंगावरची चादर नुसती घासली तरी माणूस ओरडतो. घरचे विचारतात, "काहून जी, ठेच लागली का?" ठेच लागलेली नसते.

हा गाऊट. मी सात वर्षं तो अंगावर काढला, आणि त्यातली सहा वर्षं मला तो आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही, शाळेतला निवृत्त शिक्षक आहे. पण जे माझ्या पायावर बेतलं, जे सांध्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं आणि जे मी नंतर वाचून पडताळलं, ते तुमच्यापर्यंत पोचवणं मला माझं काम वाटतं. कारण पूर्वी माझा पाय जिथे होता तिथे आज तुमच्यापैकी काहींचा आहे, हे मी चालण्यावरून ओळखतो.

पहिल्या वेळी मी लचक समजलो. तेल चोळलं, लेप लावला, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. पाच-सहा दिवसांत पाय इतका मोकळा झाला की त्याच महिन्यात मुलांची सहल घेऊन मी आंबागडचा किल्ला चढलो. वर बुरुजावर उभं राहून स्वतःशीच म्हटलं, गेलं दुखणं. इथेच फसलो. पुढच्या वर्षी पुन्हा अंगठा, मग दुसऱ्या पायाचा घोटा, मग गुडघा. दर वेळी तोच रस्ता: गोळी, कधी कमरेत इंजेक्शन, आठवड्यात आराम, आणि मधले आठ-दहा महिने काहीच नाही. एकदा पाय सुजलेला असतानाच रक्त तपासलं. यूरिक ॲसिड 5.9 आलं. मला सांगण्यात आलं, "नॉर्मल आहे, गाऊट नाही." तो कागद घेऊन मी आणखी दोन वर्षं निर्धास्त राहिलो.

आज कळतं की त्या कागदाने माझं किती नुकसान केलं. पाय भडकलेला असतो त्या दिवसांत रक्तातलं यूरिक ॲसिड पुष्कळदा खाली उतरतं. म्हणून त्या दिवशीचा आकडा नॉर्मल आला तरी गाऊट नाही असं म्हणता येत नाही. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेवटी मुलाने हट्ट करून नागपूरला सांधेवातातल्या तज्ज्ञांकडे नेलं. त्या दिवशी माझं काहीच दुखत नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दुखत असताना आलो असतो तर दाखवता आलं असतं." ते म्हणाले, "दुखत नसतानाच बघू." त्यांनी अंगठ्यावर थंड जेल लावलं, सोनोग्राफीचा लहानसा चपटा प्रोब टेकवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

मी गोंधळलो. आपल्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, फार तर पोटातला खडा. अंगठ्याची सोनोग्राफी मी ऐकलीही नव्हती. पण यंत्राचं काम तेच आहे. आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज ते आत सोडतं आणि आतून जो परत येतो त्याचं चित्र काढतं. पाण्यासारख्या मऊ, एकजिनसी गोष्टीतून आवाज सरळ पार जातो, म्हणून ती काळी दिसते. हाडासारख्या कठीण गोष्टीवर आपटून परत येतो, म्हणून ते पांढरं झळकतं. एक्स-रेसारखे किरण यात नसतात, सुई टोचत नाही, दुखत नाही.

आता स्क्रीनवर मी काय पाहिलं ते सांगतो. सावकाश वाचा, सगळी गोष्ट या एका चित्रात आहे.

रोवण्याच्या आधीची पाणी भरलेली बांधी डोळ्यांपुढे आणा. खाली एक धुरा, त्याच्या वर काळंभोर संथ पाणी. निरोगी सांधा साधारण असाच दिसतो. खालची पांढरी रेघ म्हणजे हाडाची कडा, तिच्यावरचा काळा पट्टा म्हणजे हाडावरची गुळगुळीत कूर्चा. माझ्या अंगठ्यात त्या काळ्या पट्ट्याच्या वरच्या काठाने आणखी एक पांढरी रेघ गेली होती. पाण्याच्या दोन्ही बाजूंना दोन धुरे. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, "ही खालची तुमच्या हाडाची. ही वरची तुमची नाही. हे यूरिक ॲसिडचे स्फटिक आहेत, कूर्चेवर थर देऊन बसलेत." मग प्रोब थोडा इकडेतिकडे कलवून म्हणाले, "कूर्चेचा वरचा काठ साधा असेल आणि आवाज त्याच्यावर अगदी सरळ पडला तर तोही कधी चमकतो, पण प्रोब कलवला की विझतो. ही रेघ बघा, विझत नाही." खरंच विझली नाही.

त्या रेघेला डॉक्टर दुहेरी कडेची खूण म्हणतात. 2007 मध्ये अमेरिकेतल्या थीले आणि श्लेझिंगर या दोन डॉक्टरांनी तिचं नीट वर्णन प्रसिद्ध केलं. 2015 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून गाऊट ठरवण्याचे जे निकष काढले, त्यांत या खुणेला गुण दिले गेले. अंगठ्याच्या बाजूला आणखी एक ढीग होता, ओली साखर डब्यात गोळा होऊन बसते तसा. तो याच स्फटिकांचा, म्हणजे खड्यांचा साठा. बाहेरून बोटाने चाचपून तो मला कधीच लागला नव्हता.

मला खरा धक्का बसला तो पुढे. त्यांनी गुडघे पाहिले. उजवा गुडघा आयुष्यात एकदाही दुखला नव्हता, पण रेघ त्यातही होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तुम्हाला हेच सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे. दुखणं हा गाऊटचा आरंभ नाही. रक्तात यूरिक ॲसिड डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहिलं की ते पूर्ण विरघळत नाही आणि त्याचे बारीक स्फटिक सांध्यांत बसू लागतात. आपल्या अंगात रक्त फिरतं तिथे सगळीकडे सारखी ऊब नसते. पायाची बोटं सगळ्यांत थंड, आणि थंडाव्यात ते आणखी कमी विरघळतं, म्हणून तिथे आधी. वर्षानुवर्षं हे चुपचाप चालतं. मग एखाद्या रात्री काहीतरी निमित्त होतं आणि काही खडे सुटून सांध्याच्या पाण्यात येतात. अंगातल्या पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून तुटून पडतात. त्या लढाईची आग म्हणजे तो लाल अंगठा. पाच-सात दिवसांनी लढाई थंडावते, सूज उतरते, माणूस किल्ला चढतो. थर मात्र जागच्या जागी असतो, पुढच्या रात्रीची वाट पाहत.

दुखणं थांबतं तेव्हा आजार थांबलेला नसतो. तो दिसेनासा होतो, एवढंच. सोनोग्राफी त्याला त्या मधल्या शांत महिन्यांत दाखवते, आणि उपचार करायचा असतो तोही याच महिन्यांत.

खडे डोळ्याने पाहण्याची ही धडपड फार जुनी आहे. 1679 मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्या भिंगाखाली गाऊटच्या गाठीतला पांढरा चुनखडीसारखा पदार्थ पाहिला आणि त्यात सुयांसारखे तुकडे आहेत असं लिहून ठेवलं. ते नेमके कशाचे, हे 1797 मध्ये इंग्लंडच्या वॉलस्टनने दाखवलं. 1961 मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातलं पाणी काढून खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते खडे ओळखायची रीत बसवली. आजही पक्कं निदान त्याच रीतीने होतं. पण सांध्यात सुई घालणारा हात आणि तसा सूक्ष्मदर्शक तालुक्याला कुठे मिळतो? सोनोग्राफी यंत्रं तरी आता बऱ्याच ठिकाणी पोचली आहेत.

आपल्या आयुर्वेदालाही हे दुखणं माहीत होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात या रोगाचं एक नाव आढ्यवात असं दिलं आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. या नावानेच आपला घात केला आहे. धानाच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या माणसाला वाटतं, हा रोग आपला नव्हेच. बायकांना वाटतं, हा दारू पिणाऱ्या पुरुषांचा. पण पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगातही यूरिक ॲसिड वाढतं. त्यात किडनी थोडी अधू असेल, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिलाही गाऊट होतो. म्हाताऱ्या माईची बोटं सुजली की आपण "वय झालं" म्हणून मोकळे होतो. तसं करू नका.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर हे वाचून उद्या सगळं गाव अंगठे घेऊन रांगेत उभं राहील. प्रत्येक गुडघेदुखी गाऊट नसते, बहुतेक नसतेच. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची हाडासांध्यांची विचारपूस आणि तपासणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या मोठ्या पाहणीचा तो भाग होता. दुखण्याच्या तक्रारी पुष्कळ निघाल्या, पण गाऊट हजारात एखाद-दुसऱ्यालाच. बाकीची दुखणी झिजेची, ओझ्याची, कंबर-मानेची, थोडी संधिवाताची. म्हणजे एकीकडे खरा गाऊट असलेला माणूस लचक समजून वर्षं घालवतो, आणि दुसरीकडे गुडघा झिजलेल्या बाईला रक्तात यूरिक ॲसिड 7.2 निघालं म्हणून नुसत्या कागदावर गोळी सुरू होते. दोन्ही चुकीचं. आकडा वाढलेल्या पुष्कळांना जन्मात गाऊट होत नाही. ज्याला एकदाही असा झटका आलेला नाही, त्याला केवळ आकड्यासाठी गोळी देऊ नये, असंच बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

सांध्याची सोनोग्राफी या गोंधळात मदत करते. गाऊटचा थर कूर्चेच्या वरच्या काठावर बसतो. कॅल्शियमच्या एका वेगळ्या प्रकारच्या खड्यांचा रोग आहे, त्यात पांढरे ठिपके कूर्चेच्या पोटात, मधोमध दिसतात. उपचारही सगळा सारखा नसतो. हाडाची कड कुरतडली गेली असेल तर तेही यात दिसतं. एक्स-रेमध्ये ते कळेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात; माझा एक्स-रे पहिल्या तीन वर्षांत स्वच्छ होता. सांध्यात आग किती आहे, रक्त किती धावतंय, हेही याच यंत्रातली डॉपलरची सोय लावली की लाल-नारिंगी रंगात दिसतं.

पण सोनोग्राफी म्हणजे देव नव्हे. आजार नवा असेल, पहिला-दुसराच झटका असेल, तर थर इतका पातळ असतो की पुष्कळदा दिसत नाही. तिथे "काही नाही" असा रिपोर्ट आला म्हणून गाऊट नाही असं समजू नका. उलट, ज्यांना कधीच दुखलं नाही पण यूरिक ॲसिड जास्त आहे, अशा काहींच्या सांध्यातही रेघ सापडते. म्हणून चित्र, रक्त आणि तुमची हकिकत, तिन्ही एकत्र ठेवून डॉक्टर ठरवतात. आणि पाहणारा हात तयार हवा. पोटाची सोनोग्राफी रोज करणारे सगळेच सांध्याची करतात असं नाही. त्यासाठी वरवरचं बारीक दाखवणारा, गळ्याच्या गाठीसाठी वापरतात तसा सरळ प्रोब लागतो.

एका गोष्टीत मात्र सोनोग्राफीचीही वाट पाहू नका. सांधा सुजला आहे आणि सोबत ताप आहे, थंडी वाजते आहे, माणूस गळून गेला आहे, मधुमेह आहे किंवा नुकतीच जखम झाली होती, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तो गाऊटसारखाच दिसतो, आणि काही दिवसांत सांधा कायमचा खातो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यातलं पाणी काढून तपासल्यावरच ते कळतं. आणि दुखणारा तरुण पोरगा किंवा पोरगी असेल, हाडं वारंवार ठणकत असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे हे आपण विसरून चालणार नाही.

औषधांबद्दल थोडं बोलतो, कारण घोटाळा खरा इथे होतो. गाऊटची औषधं दोन जातीची आहेत. एक आग विझवणारी: सूज उतरवणाऱ्या गोळ्या, कोल्चिसिन, कधी थोडे दिवस स्टेरॉइड. दुसरी थर विरघळवणारी: ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. आपण फक्त पहिली ओळखतो. आग विझली की दवाखाना विसरतो. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खात राहिलो तर किडनी बिघडते, आणि किडनी बिघडली की यूरिक ॲसिड बाहेर पडायचं आणखी कमी होतं. म्हणजे आपण आपल्याच हाताने थर वाढवतो. कमरेत इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी जादूसारखं बरं वाटतं, त्या जादूला भुलू नका. ते स्टेरॉइड असू शकतं, आणि मधुमेह असलेल्याची साखर त्याने भडकते.

ॲलोप्युरिनॉलबद्दल गावात फार गैरसमज आहेत. ते घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट जास्त येतात. लोक म्हणतात, "गोरीनं वाढलं जी," आणि गोळी फेकतात. मीही फेकायला निघालो होतो. डॉक्टरांनी पुन्हा बांधीचीच उपमा दिली. धुरा फुटायला लागला की माती आधी पाण्यात मिसळते, पाणी गढूळ होतं. थर सुटू लागला की खडे सांध्यात येतात आणि थोडी आग होते. ती होऊ नये म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनचा छोटा डोस देतात. गोळी कमी मात्रेने सुरू करून, रक्त तपासत हळूहळू वाढवतात, आणि यूरिक ॲसिड 6 च्या खाली आणून तिथेच ठेवतात. झटका आला तरी चालू असलेली गोळी बंद करायची नसते. एकच अपवाद: अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, असं काही दिसलं तर ॲलोप्युरिनॉल त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

कोल्चिसिनवरून एक ताकीद. पावसाळ्यात आपल्या रानात, कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारा वेल तुम्ही पाहिला आहे. कळलावी, कुणी खड्यानाग म्हणतं. तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं, औषध कंपन्यांसाठी तमिळनाडूत तिची शेती होते. म्हणून कुणी सांगेल, "गोळी कशाला, कंदच उगाळून घे." घेऊ नका. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजून घातलेला असतो. कंदात किती आहे ते कुणाला ठाऊक? कळलावी खाऊन माणसं मेली आहेत. गोळी घेतानाही जुलाब लागले तर डोस जास्त होतोय असं समजून डॉक्टरांना कळवा, आणि किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा.

खाण्याचं म्हणाल तर आमच्या घरी सात वर्षं तूर बंद होती. वांगं बंद, टमाटर बंद, चिंच बंद. माझी बायको रोज विचारायची, आता भातावर घालू काय? डाळ तोडल्याने गाऊट थांबत नाही. 2004 मध्ये अमेरिकेत सत्तेचाळीस हजार पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीचा निकाल आला. मांस आणि मासे-झिंगे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला, डाळी आणि भाज्यांनी वाढलेला दिसला नाही, दूध-दह्याने तर कमी झाला. म्हणून तूर-मूग खा, ताक प्या. ज्या घरात प्रथिनं म्हणजे डाळच, तिथे डाळ तोडणं म्हणजे माणसाला अशक्त करणं. आवरायचं ते कलेजी, वजडी, मटणाचा मोठा वाटा, वाळलेले झिंगे, दारू आणि बाटलीतली गोड थंड पेयं. मोहाची घरची आहे म्हणून तिला सूट नाही. चुरण्याच्या दिवसांत शेतावर पाण्याची कळशी न्या आणि ती रिकामी करून आणा. पण खोटं सांगत नाही: ज्याच्या सांध्यात थर बसला आहे, त्याचा थर नुसत्या पथ्याने सहसा जात नाही. पथ्याने यूरिक ॲसिड थोडं उतरतं. बाकीचं काम गोळीचं आहे, आणि गोळी घ्यावी लागली म्हणजे तुम्ही पथ्यात चुकलात असं नाही. हा आजार पुष्कळदा बापाकडून, आजाकडून येतो. यात कुणाची लाज नाही.

बीपीची किंवा हृदयाची गोळी यूरिक ॲसिड वाढवते असं ऐकून ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, काही वेळा बदलून मिळते.

आता सगळ्यांत चांगली बातमी. थर जातो. नॉर्वेमध्ये दोनशेवर गाऊटच्या रोग्यांना आकडा ठरवून औषध दिलं आणि वर्षभर त्यांच्या सांध्यांची सोनोग्राफी पुन्हापुन्हा केली. वर्षाअखेर खडे स्पष्ट कमी झालेले दिसले, आणि सगळ्यांत जास्त विरली ती दुहेरी कडेचीच रेघ. 2020 मध्ये तो निकाल छापून आला. दुसरी गोष्ट इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची, 2018 मधली. तिथे पाचशेवर रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला नर्सनी बसवून नीट समजावलं, शंका विचारू दिल्या, गोळीचा डोस वाढवत नेला. दोन वर्षांनी त्यांतल्या शंभरात 95 जणांचं यूरिक ॲसिड ठरलेल्या आकड्याखाली होतं. नेहमीच्या पद्धतीने दवाखान्यात जाणाऱ्यांत शंभरात 30 जणांचं. औषधं तीच. फरक पडला तो समजावण्याने. आपल्या उपकेंद्रांतल्या नर्स, आशाताई, आरोग्य अधिकारी यांना माझी हात जोडून विनंती आहे: अंगठा सुजलेला माणूस आला तर त्याला गोळीसोबत पाच मिनिटं द्या. आत थर आहे, दुखणं गेल्यावर परत या, हे एवढंच सांगा.

तुम्ही काय करायचं? सूज असताना जवळच्या डॉक्टरांकडे जा आणि कोणता सांधा, कोणत्या दिवशी, किती दिवस, हे कॅलेंडरवर लिहा. सुजलेल्या पायाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत सूज उतरते. दोन-तीन आठवड्यांनी यूरिक ॲसिड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासा. मग डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "साहेब, सांध्याची सोनोग्राफी करून बघायची का? दोन्ही पायांचे अंगठे, घोटे आणि गुडघे?" असं विचारलं तर ते रागावतील असं मनात आणू नका. चिठ्ठीवर पोटाची नव्हे, सांध्याची असं स्पष्ट लिहून घ्या. तुमसरला, भंडाऱ्याला किंवा नागपूरला निघण्याआधी फोन करून विचारा की सांध्याची करतात का. नाहीतर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं फुकट जाईल. नागपूरला शासकीय मेडिकल आहे, एम्स आहे, तिथेही चौकशी करा.

शिबिरात यंत्र गावातच का आणत नाहीत, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. सोनोग्राफी यंत्र कायद्याने कुठेही उचलून नेता येत नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याचं पाप थांबवण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात पहिल्यांदा, कायदा केला. मग 1994 मध्ये सगळ्या देशाचा कायदा आला. त्याखाली प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंद असते. तो कायदा हवाच. म्हणून यंत्र आपल्याकडे येण्याची वाट न बघता आपणच तिथवर जायचं.

माझ्या गोळीला आता दीड वर्ष झालं. पहिल्या चार महिन्यांत दोन झटके आले, हलके. त्यानंतर नाही. मागच्या खेपेला पुन्हा अंगठ्यावर प्रोब ठेवला. खालचा धुरा होता, काळं पाणी होतं, वरची रेघ तुटक झालेली होती, जागोजागी ठिपके उरलेले. गुडघ्यातली पूर्ण गेली. दोन्ही वेळचे फोटो आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. गोळी बंद नाही, आकडा 5.2 आहे.

ज्याला स्वतःच्या डोळ्याने बघायचं आहे त्याने संध्याकाळी माझ्या ओसरीवर यावं. सोबत आपले कागद आणावेत, आणि घरात कुणाचा अंगठा कधी सुजला होता ते आठवून यावं. मंडईच्या आधी आलात तर बरं.